टिकायचं की लाथ मारायची?

(वस्तीतल्या बुद्धविहारात तरुणांच्या अभ्यासवर्गापुढे केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

मित्रांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मायबहिणींनो,

आजचा विषय मला चिठ्ठीवर लिहून मिळाला. 'मालक छळतो. नोकरी करावी की सोडावी?' खाली नाव नाही. बरं झालं. त्या चिठ्ठीखाली इथल्या निम्म्या लोकांनी सही केली असती.

आपल्या सभांत व्यवस्था उलथून टाकायची भाषा असते, आणि ती असलीच पाहिजे. पण नोकरी हा शब्द आला की आपण जरा नाक मुरडतो. नोकरी म्हणजे मध्यमवर्गीय भानगड, असं काहीतरी डोक्यात बसलंय. मग सभा संपते, आणि चपला शोधताना एखादा पोरगा हळूच बाजूला घेतो. "दादा, सुपरवायझर आईवरून शिव्या देतो. काय करू?" त्याच्यासाठी आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. चळवळीचं उत्तर: थोबाड फोड साल्याचं आणि मार लाथ नोकरीला. घरचं उत्तर: गप बस, सगळेच सोसतात, तूही सोस. पहिलं उत्तर देणारा पुष्कळदा स्वतः सरकारी खात्यात कायम असतो. त्याची चूल त्या लाथेवर पेटत नाही की विझत नाही. दुसरं उत्तर देणाऱ्या आईनं उपास काढलेले असतात, म्हणून तिला मी हसत नाही. पण दोघंही बघतात ते मालकाकडे. मालक किती नालायक, एवढंच तोलत बसतात. अरे, मालक नालायक निघणार हे धरूनच घराबाहेर पडायचं! तोलायची आहे ती नोकरी. ती आपल्याकडून काय काय ओढून घेते, आणि आपल्या हातात काय ठेवते.

बाबासाहेबांचं चरित्र या नजरेनं पुन्हा वाचा. आपण त्यांना घटनेसाठी आठवतो, चवदार तळ्यासाठी आठवतो. पण त्यांनी नोकऱ्याही केल्या आणि सोडल्याही. १९१३ साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करीन असा करार लिहून दिला होता. १९१७ साली त्या कराराप्रमाणे ते बडोद्याला हजर झाले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस. कचेरीतले शिपाई लांबून फायली फेकायचे. प्यायला पाणी मिळायची मारामार. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी असल्याचं सांगून पारशांच्या उतारशाळेत राहिले. ते उघडकीला आलं तेव्हा लाठ्या घेतलेले पारशी जिन्यात उभे. गावात एक हिंदू ओळखीचा होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आले.

इथं जरा थांबा. त्या नोकरीत मालक कोण होता? सयाजीराव गायकवाड. त्या काळच्या संस्थानिकांत सगळ्यात पुढारलेला राजा. शिष्यवृत्ती त्यांनीच दिलेली. म्हणजे मालक चांगला होता, आणि नोकरी करणं अशक्य होतं! कारण नोकरीत मालकाखेरीज पुष्कळ काही असतं. फाईल फेकणारा शिपाई असतो, पाण्याचा माठ असतो, रात्री पाठ टेकायची खोली असते. दहा वर्षांचा करार डोक्यावर असताना बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली.

आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये हाच माणूस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागला. पगार साडेचारशे रुपये. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिण्याला काहींनी हरकत घेतली. बडोद्याचा माठ मुंबईपर्यंत पाठीमागे आला होता. पण इथून ते निघून गेले नाहीत. मार्च १९२० पर्यंत टिकले. शिकवलं, पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला आणि मग राजीनामा देऊन लंडनला गेले, अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला. साठवलेल्या पैशात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज यांची भर पडली.

आता सांगा, बडोद्यात स्वाभिमान होता आणि सिडनहॅममध्ये नव्हता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? पाण्याचा अपमान दोन्हीकडे होता. पण सिडनहॅममधून सुटलं की परळच्या चाळीतली आपली खोली होती, आपली माणसं होती, आणि दर महिन्याला लंडनचं तिकीट थोडं थोडं हातात येत होतं. बडोद्यात हातात काहीच येत नव्हतं. तिथं नुसता माणूस झिजणार होता. पुढे सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलापायी त्यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं, तेही बघा. काँग्रेसच्या सरकारात बसणं म्हणजे काय सुखाची नोकरी होती? पण घटना पुरी होईपर्यंत बसले. बिल अडवलं गेलं, आता या खुर्चीतून हातात काही येत नाही असं दिसलं, तेव्हा उठले. जायचा दिवस त्यांनी ठरवला.

आता याहून मोठा मालक घेऊ. गाव. महार वतन ही आपल्या बापजाद्यांची नोकरीच होती, आणि तिच्याइतका हलकट मालक पृथ्वीवर शोधून सापडायचा नाही. सरकारी सारा तालुक्याला पोचवा, हुकूम गावोगाव न्या, मयताची बातमी सांगायला रातोरात परगावी पायी जा, मेलेलं ढोर ओढा. वेळ ठरलेली नाही. रोख पगार बहुतेक ठिकाणी नावाचाच. कर्ता घरी नसेल तर बापाला धरा, भावाला धरा. त्या बदल्यात बलुतं, वतनी जमिनीचा तुकडा आणि दारोदार भाकर मागायचा 'हक्क'. भीक मागण्याला हक्क म्हणायला शिकवणारी ही संस्कृती, तिचे पोवाडे आजही शाळेत गातात!

आणि तरीही वतन सोडा म्हटल्यावर आपलीच म्हातारी माणसं अडून बसली. तुकडा जाईल म्हणून. त्यांना अडाणी म्हणणं फार सोपं आहे. त्या तुकड्याखेरीज गावात पाऊल टेकायला त्यांची म्हणावी अशी जागा नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना नुसतं 'लाथ मारा' असं सांगून वाऱ्यावर सोडलं नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाचं बिल आणलं. त्यातला डाव समजून घ्या. महार पूर्ण सारा भरतील, जमीन त्यांच्याकडेच राहील, आणि चाकरी मात्र सुटेल. तुकडा आणि गुलामी यांची जी गाठ मारून ठेवली होती, ती सोडवायची. ते बिल पास झालं नाही. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

हे एवढं जुनं का उकरतोय? कारण आपल्या वस्तीत एक बी.कॉम. झालेला पोरगा आहे. त्याचा बाप झाडूखात्यात आहे आणि निवृत्तीला आलाय. सफाई कामगारांच्या वारसाला नोकरी मिळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशी म्हणून सत्तरच्या दशकापासून ते चालत आलंय. आणि कर्मचारी वसाहतीतली खोली नोकरीला बांधलेली असते. बाप निवृत्त झाला आणि घरातल्या कुणी झाडू हातात घेतला नाही, तर खोली खाली करा. बाप म्हणतो, घे. आई काही बोलत नाही, ती खोलीच्या भिंतींकडे बघते. पोरगा म्हणतो, मग मी शिकलो कशाला?

त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर द्यायची लाज सरकारला वाटली पाहिजे, त्याला नव्हे. कलेक्टरच्या पोराला कलेक्टरची खुर्ची वारसानं मिळत नाही. प्राध्यापकाच्या पोराला वर्ग मिळत नाही. वारसानं द्यायला या व्यवस्थेला सापडला तो झाडूच. आणि या एका जागेसाठी गुणवत्तेचं काय होणार म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

म्हणजे हे नवं वतनच झालं का? निम्मं. कामाची पाळी ठरलेली आहे, पगार बँकेत येतो, रजा आहे, युनियन आहे. हे वतनात नव्हतं. हेही कुणी दान दिलेलं नाही. मुंबईच्या म्युनिसिपालिटीतल्या कामगारांची संघटना १९३० च्या दशकात स्वतः बाबासाहेबांनी बांधली, त्यातून आणि नंतरच्या संपांतून हे मिळालं. पण वारस आणि खोली ही वतनाची गाठ तशीच आहे. चाकरी सोडली की छप्पर जातं. पन्नाशीला बाप थकतो आणि पोराच्या मानेकडं बघायला लागतो.

माझं मत विचाराल तर पोरानं नोकरी घ्यावी. काहींना हे आवडणार नाही, हे मला इथून दिसतंय. घ्यावी, पण सिडनहॅमसारखी घ्यावी. मुंबईत आईबापाला भाड्यानं खोली घेऊन द्यायची ऐपत पहिल्या खाजगी नोकरीत कुणाची होते? बारा-पंधरा हजारांत अकौंटंटच्या हाताखाली बसून तो कुणाचा मान राखणार आहे? त्यानं छप्पर राखावं, सकाळची पाळी करून उरलेल्या वेळात परीक्षा द्याव्यात, खात्यातल्या खात्यात कारकुनाची जागा निघते का यावर डोळा ठेवावा, आणि आपला पोरगा या वारसाच्या कागदावर येणार नाही हे आजच बायकोच्या, नाही तर होणाऱ्या बायकोच्या, कानावर घालावं. आणि आपण, म्हणजे चळवळीनं, त्याला 'अरे, तू झाडूवर लागलास?' असं विचारायचं नाही. आपलं काम गाठ सोडवायचं आहे. घर नोकरीपासून सुटं करा, ही मागणी. मालकीचं घर देण्याची योजना सरकारनं बाबासाहेबांच्याच नावानं काढलेली आहे, श्रमसाफल्य आवास योजना. नाव दिलं की काम झालं, असं सरकारला वाटतं. ते नाव आपण अर्जावर लिहून, तारीख टाकून, पोच घेऊन मागायचं.

कंत्राटावर असलेल्यांचं गणित वेगळं. तिथं मालक कोण हेच कळू देत नाहीत. काम महापालिकेचं, शिव्या मुकादमाच्या, पगार ठेकेदाराचा आणि जबाबदारी कुणाचीच नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात वीस माणसांची अट होती, म्हणून ठिकठिकाणी अठरा-एकोणीस माणसांचे तुकडे पाडून ठेके दिले गेले. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यानं पाच वर्षांची अट घातली, तर मालक साडेचार वर्षांनी माणूस बदलायला शिकले. वर्षाचे २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच 'ब्रेक'. यांना कायदा कळत नाही असं कोण म्हणतं! यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

पण मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाची लढाई माहीत करून घ्या. महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार, ज्यांना कागदावर कामगार म्हणायचीसुद्धा तयारी नव्हती. औद्योगिक न्यायाधिकरण, मग हायकोर्ट, आणि शेवटी २०१७ साली सुप्रीम कोर्ट. सुमारे २७०० कामगारांना कायम करा, असा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. एका छळणाऱ्या मालकाकडे वर्षानुवर्षं टिकून राहिल्यानं त्यांना काय मिळालं ते हे. एकेकट्यानं लाथ मारून गेले असते तर त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरे आपलेच आले असते, आणि ठेकेदाराला घामही फुटला नसता. अर्थात निकालानंतरही पुष्कळांचं घोडं अडलं. कशावर? नावाच्या स्पेलिंगवर. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. नाव लिहून घेणाऱ्याला आपलं नाव नीट लिहायची गरज वाटली नव्हती, आणि त्याची किंमत आपण भरली.

म्हणून कंत्राटावरच्या माणसानं तोलायचं ते एवढंच, की या नोकरीत माझा काही कागद तयार होतोय का? पी.एफ. कापला जातो का आणि खरंच भरला जातो का? दहा वर्षं भरली तर म्हातारपणी पेन्शनचा हक्क लागतो, ती वर्षं जमतायत का? बरोबरची माणसं एकत्र यायला तयार आहेत का? हे असेल तर मुकादमाच्या शिव्यांची नोंद ठेवा आणि टिका. कागद नाही, पी.एफ. नाही, संघटना नाही, पगार हातात रोख आणि तोही तीन महिन्यांनी, असं असेल तर ते बडोदं आहे. गाडी बघा.

मी स्वतः एका रसायनांच्या कारखान्यात कंत्राटावर सात वर्षं काढली. नाव घेत नाही, आणि नाव घेऊन काही वेगळं कळणारही नाही. तसे पन्नास आहेत. हजेरीचं कार्ड संध्याकाळी गेटवर परत घ्यायचे, म्हणजे आमच्याकडं पुरावा राहू नये. मी शाळेच्या दोनशे पानी वहीत रोजची तारीख, पाळी, खात्याचं नाव आणि कुणाच्या हाताखाली काम केलं ते लिहीत गेलो. पोरं हसायची, म्हणायची, आत्मचरित्र लिहितोय. आम्हा अकरा जणांना एकदम काढलं तेव्हा त्या वहीवर, आणि एकाच्या लोकलच्या जुन्या पासांवर, आम्ही पी.एफ.च्या कचेरीत उभे राहिलो. दोन वर्षं खेटे घातले. पैसे मिळाले, नोकरी परत मिळाली नाही. खोकला अजून आहे. हे दोन्ही बाजूंना टाकून तुम्हीच तोला.

आता शिकलेल्या पोरांकडे येतो, गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेल्या. तुमचा मालक इंग्रजीत छळतो. तिथे आरक्षण नाही, त्यामुळे आत शिरतानाच आडनाव आडवं येतं. हे मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर त्याला सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली छापलेला अभ्यास दाखवा. सारख्या पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. आत गेल्यावर मग, "तू कोट्यातून आलास का?", "तुमच्यात हे चालतं का?", डबा उघडला की शांतता. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण त्यात अपमान चारचौघांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. केबिनवाल्या साहेबाला हे माहीत असतं. म्हणून केबिनमध्ये बोलणं झालं की बाहेर येऊन त्यालाच ई-मेल लिहा: 'आज तुम्ही मला अमुक अमुक म्हणालात.' कोर्टात तो कागद किती टिकेल हे वकील सांगेल, पण दुसऱ्या दिवसापासून साहेब दार उघडं ठेवून बोलायला लागतो.

आणि छळणारा वरचाच असतो असंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त होता, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून उभे राहणारे कामगार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे भांडून मांडावा लागला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत असं सांगितलं, ते काही पुस्तकात वाचून नव्हे. तेव्हा तुमच्या ऑफिसात बॉस बरा आहे आणि शेजारच्या टेबलावरचा विष कालवतोय, असंही असेल. त्याच्यासाठी नोकरी सोडू नका. त्याची बदली होते, आपली रिकामी झालेली खुर्ची आपल्या माणसाला परत मिळत नाही.

मागच्या बायकांपैकी कुणीतरी मघाशी म्हणालं, हे सगळं गड्यांचं चाललंय. खरंय. बाईला दोन मालक असतात आणि दुसरा घरी जेवायला बसलेला असतो. तिच्या तराजूत आम्ही पुरुष कधी न टाकलेली वजनं असतात. कामाच्या जागी संडास आहे का, शेवटची बस किती वाजता, मुकादमाची नजर कशी. २०१३ च्या कायद्यानं दहा आणि त्याहून जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती पाहिजे. ती आहे का हे नोकरी धरताना विचारा. 'समिती कसली?' असं उत्तर आलं तर नोकरीबद्दल निम्मी माहिती तिथंच मिळाली. आणि बाईनं तडकाफडकी नोकरी सोडली, तर का सोडली हे घरच्यांनी खोदून विचारू नये. तिनं तोललेलं असतं.

एक काम मात्र असं आहे की तिथं तराजू आणायचाच नाही. गटारात उतरणं. कितीही पैसे देऊ देत, साहेब कितीही गोड बोलू देत, 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणू देत. आतल्या वायूनं माणूस मरायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही त्याच्या शेजारी मरतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली ते तीस लाख केले. तीस लाख! पोरांनो, हा आकडा ऐकून कुणाच्या मनात हिशोब सुरू झाला असेल तर तो इथंच थांबवा. हा पैसा आपल्याला मिळत नाही, आपल्या बायकोला मिळतो, तोही कोर्टाच्या पायऱ्या झिजवून. झाकण उघडलं आणि 'उतर' म्हणाला, की हातातली दोरी तिथंच टाकून चालतं व्हायचं. त्या दिवसाचा खाडा वस्ती भरून देईल. हे मी भाषणात म्हणतोय म्हणून नव्हे, विहाराच्या वर्गणीतून त्यासाठी वेगळी पेटी ठेवायचं आज ठरलंय, चावी महिला मंडळाकडं आहे.

तर पुढच्या रविवारी सकाळी दहाला इथंच बसू. येताना नेमणुकीचं पत्र असेल तर ते, पगाराची चिठ्ठी, बँकेचं पासबुक, पी.एफ.चा नंबर, आणि आधार कार्डावरचं नाव या सगळ्यांत एकच आहे का ते बघून या. फरक असेल तर अर्ज आपण इथंच लिहू. ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही त्यांनी दोनशे पानी वही आणा. झेरॉक्सला सुटे पैसे लागतील. वसाहतीतल्या खोल्यांचा अर्ज मी लिहून आणतो, सह्या तुम्ही करा, आणि पोच घ्यायला माझ्याबरोबर चौघं तरी या. एकट्याला ते टेबलावरून टेबलावर नाचवतात.

जयभीम.